काटा नसलेल्या गाडीची पहिली प्रवासिनी

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी असे करीत आलापल्लीकडे निघालेला अनुभवी वाहनचालक गाडीला किल्ली लावताच प्रथम काय पाहतो? रस्ता नव्हे, घड्याळही नव्हे. तो इंधनाच्या काट्याकडे पाहतो. आलापल्लीपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून भामरागड गाठायचे तर जंगलातून आणखी साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागते आणि तेवढेच परतही यावे लागते. वाटेत पंप कोठे आहे, तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, पर्लकोटेला पूर आला तर पलीकडे किती दिवस अडकावे लागेल, या सर्व प्रश्नांचा हिशेब त्या एका काट्यापाशी येऊन थांबतो. आणि तो काटा नेहमी खरे बोलतोच असे नाही. हे या जिल्ह्यात वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळून चुकते.

प्रस्तुत प्रतिनिधीलाही ते एकदा कळले आहे. भाड्याने घेतलेल्या जीपचा काटा पाव टाकी दाखवीत होता. साग-बांबूच्या जंगलात, भर दुपारी गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. चालकाने झाकण उघडून टाकीत काठी घातली. ती कोरडीच बाहेर आली. दोन तासांनी एका मोटारसायकलस्वाराने पुढच्या गावातील किराणा दुकानातून बाटल्यांत भरून पेट्रोल आणून दिले, तेव्हा कोठे प्रवास पुढे सुरू झाला. त्या दोन तासांत सावलीला बसून एका जर्मन बाईंची आठवण होणे स्वाभाविक होते. टाकीत किती इंधन उरले आहे, ते कोठवर पुरेल आणि संपले तर कोठे मिळेल, हे तीन प्रश्न मोटारीच्या लांबच्या प्रवासात जगात सर्वप्रथम त्यांच्यापुढे उभे राहिले होते. त्यांच्या गाडीला काटा नव्हता, वाटेत पंप नव्हते आणि आजच्या अर्थाने पेट्रोल हा विक्रीचा मालही नव्हता. त्यांचे नाव बर्था बेंझ.

सुताराची मुलगी

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील बाडेन संस्थानात, फोर्झहाइम या गावी झाला. माहेरचे आडनाव रिंगर. वडील कार्ल फ्रीडरिख रिंगर हे सुतारकाम आणि बांधकामाच्या व्यवसायातून नावारूपाला आलेले सधन गृहस्थ होते. घरात मुलींची संख्या मोठी होती. बर्था यांच्या जन्माची नोंद घरातील बायबलमध्ये करताना पुन्हा मुलगीच झाली, असा खेद वडिलांनी लिहून ठेवला होता आणि पुढे ती नोंद मुलीच्या दृष्टीस पडली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. असा प्रसंग आपल्याकडील घरांनाही अपरिचित नाही. मात्र याच वडिलांनी मुलीला शाळेत पाठविले, हेही नमूद केले पाहिजे. यंत्रे कशी चालतात, याविषयी बर्था यांना लहानपणापासून विलक्षण कुतूहल होते. मुलींच्या शाळेत त्या काळी जे शिक्षण मिळे, त्यातून हे कुतूहल पुरते भागण्यासारखे नव्हते. उच्च तांत्रिक शिक्षणाची दारे तर स्त्रियांना बंदच होती.

जून १८६९ मध्ये माउलब्रोन या जुन्या मठाच्या सहलीत त्यांची गाठ कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी पडली. कार्ल यांचे वडील रेल्वेत इंजिनचालक होते. कार्ल लहान असतानाच ते वारले आणि आईने काबाडकष्ट करून मुलाला कार्ल्सरूहेच्या तांत्रिक महाविद्यालयातून शिकविले. घोड्यावाचून, रुळावाचून, आपल्या बळाने रस्त्यावर धावणारी गाडी बांधण्याच्या कल्पनेने हा तरुण झपाटलेला होता. हातात पैसा मात्र नव्हता. बर्था यांनी या स्वप्नासह त्याला पसंत केले.

कार्ल यांनी १८७१ साली मानहाइम येथे ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदारासह कारखाना काढला होता. भागीदार बेभरवशाचा निघाला आणि धंदा बुडण्याची वेळ आली. तेव्हा बर्था यांनी लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम वडिलांकडून मागून घेतली आणि ती भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यासाठी कार्ल यांच्या हवाली केली. २० जुलै १८७२ रोजी विवाह झाला. तेथील कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे असा व्यवहार करता येणे दुरापास्त होते. अविवाहित असताना घेतलेला हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा. पुढे जगाला जी मोटार मिळाली, तिच्यातील पहिली गुंतवणूक या अर्थाने बर्था यांची होती. पेटंटवर मात्र नाव एकट्या कार्ल यांचेच लागले.

लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षे हलाखीची गेली. १८७७ साली कर्जापायी कारखान्यावर जप्तीचे संकट आले. घरात लहान मुले होती. एका बाजूला तगादे आणि दुसऱ्या बाजूला सुरू होण्याचे नाव न घेणारे इंजिन, अशी ती वर्षे. १८७९ च्या अखेरच्या दिवशी, नववर्षाच्या पूर्वसंध्येला, पती-पत्नी दोघे कारखान्यात जाऊन त्या इंजिनाची पुन्हा एकदा परीक्षा घेत होते आणि त्या रात्री ते प्रथमच नीट चालले. १८८३ मध्ये नव्या भागीदारांसह बेंझ आणि कंपनी स्थापन झाली व स्थिर इंजिनांच्या विक्रीवर घर सावरले. २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्याचा क्रमांक ३७४३५. मोटारीची जन्मतारीख म्हणून आज हीच तारीख मानली जाते. त्याच वर्षी ३ जुलै रोजी ही गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली.

विकत कोणी घेईना

गाडी तयार झाली, पण तिला गिऱ्हाईक मिळेना. लोक जमत, पाहत, हसत आणि निघून जात. घोडा थकला तरी घरी पोहोचवितो. हे यंत्र रस्त्यात बंद पडले तर काय, हा सर्वसामान्य माणसाचा प्रश्न होता आणि तो मुळीच अडाणीपणाचा नव्हता. कार्ल यांचा स्वभाव काटेकोर. एखादा भाग मनासारखा होईपर्यंत गाडी शहराबाहेर न्यायची त्यांची तयारी नसे. चाचण्या मानहाइमच्या परिसरातच, थोड्या अंतरावर होत आणि गाडी सायंकाळी कारखान्यात परत येई. १ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांना गाडी रस्त्यावर चालविण्याचा अधिकृत परवानाही मिळाला. पण एका दमात ही गाडी किती दूर जाते, या प्रश्नाचे प्रत्यक्ष पडताळलेले उत्तर कोणापाशी नव्हते, खुद्द ती बांधणाऱ्यापाशीही नव्हते.

बर्था यांनी ते शोधायचे ठरविले. ऑगस्ट १८८८ मध्ये, मुलांच्या शाळेला सुट्टी असताना, एका पहाटे पतीला न सांगता त्यांनी तिसऱ्या नमुन्याची गाडी बाहेर काढली. सोबत पंधरा वर्षांचा ओयगेन आणि चौदाव्या वर्षात असलेला रिखार्ड ही दोन मुले होती. कारखान्यापासून काही अंतरापर्यंत गाडी ढकलत नेऊन मग इंजिन सुरू केल्याचे सांगतात. जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. आपल्याकडील हिशेबात सांगायचे तर साधारण गडचिरोलीहून आलापल्लीपर्यंत. फरक इतकाच की तेथे डांबरी सडक नव्हती. बैलगाड्या-घोडागाड्यांनी चाकोऱ्या पाडलेले रस्ते होते आणि रस्ता दाखविणाऱ्या पाट्याही क्वचितच होत्या.

साडेचार लिटरचा हिशेब

या गाडीत इंधन किती मावत असे? अवघे साडेचार लिटर. आजच्या लहानशा मोटारसायकलच्या टाकीतही याच्या दुप्पट इंधन बसते. शिवाय ती टाकी आजच्यासारखी स्वतंत्र नव्हती. इंधन ज्या भांड्यात वाफ होऊन हवेत मिसळे, त्या कार्ब्युरेटरच्या भांड्यातच त्याचा साठा असे. हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून खेचली जाई व त्याची वाफ घेऊन इंजिनात शिरे. या रचनेत एक खोच होती. इंधनातील हलका, लवकर उडणारा भाग आधी निघून जाई आणि तळाशी जड भाग उरे. तो तितक्या सहजपणे पेट घेत नसे. म्हणजे भांड्यात द्रव दिसत असूनही त्याचा उपयोग पूर्ण होईलच, याची शाश्वती नव्हती. टाकीत आहे किती आणि त्यापैकी वापरता येईल किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मोटारीच्या बाल्यावस्थेतच स्पष्ट झाले होते.

अशा गाडीला शंभर किलोमीटरला सुमारे दहा लिटर इंधन लागे. त्रैराशिक मांडले तर भरलेले भांडे फार तर पंचेचाळीस किलोमीटर पुरणार. फोर्झहाइम त्याच्या दुपटीहून दूर. निघतानाच हे उघड होते की वाटेत इंधन घ्यावे लागेल आणि ते मिळण्याची ठिकाणे स्वतःच हुडकावी लागतील. गाडीत इंधनमापक नव्हता. किती अंतर कापले हे दाखविणारे यंत्रही नव्हते. गावांमधील अंतरे, गेलेला वेळ आणि इंजिनाचा आवाज यांवरून अंदाज बांधायचा होता. गाडीचा वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वर नव्हता, त्यामुळे त्या अंदाजाला निदान सवड तरी मिळत असे!

मानहाइमहून हायडेलबर्गमार्गे वीस्लोख हे गाव आले, तेव्हा भांड्यातले इंधन संपत आले होते. ज्या द्रवावर गाडी चाले त्याचे नाव लिग्रोइन. खनिज तेलापासून काढलेला हा हलका द्रव कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरीत आणि तो औषधांच्या दुकानात मिळे. बर्था यांनी वीस्लोखच्या शहर औषधालयासमोर गाडी उभी केली आणि दुकानदार विली ओकेल यांच्याकडून लिग्रोइन घेतले. डाग काढायला कोणी बाटलीभरापेक्षा अधिक लिग्रोइन मागत नसे. या बाईंना ते लिटरने हवे होते. आज हे औषधालय जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते आणि तेथे त्या प्रसंगाचे स्मारक उभारण्यात आले आहे. किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल घेणाऱ्या आपल्या आडवाटेच्या प्रवाशाला या दृश्याचे नवल वाटणार नाही. परवान्यावाचून अशी विक्री करण्यास कायद्याची मुभा नाही आणि ती धोक्याचीही आहे, पण गरज मात्र तीच, एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीची.

पुढील वाटेवरही इंधनाची भर घालावी लागली. पाणी तर त्याहून अधिक वेळा भरावे लागे, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई. खानावळी, विहिरी, ओढे, जेथे मिळेल तेथे ते भरून घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्था यांनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले तेथे आपला मोजे बांधण्याचा पट्टा गुंडाळला. ब्रुखझाल येथे लोहाराकडून साखळी दुरुस्त करून घेतली. चढावर इंजिनाची ताकद पुरेना, तेव्हा मुले आणि त्या स्वतः उतरून गाडी ढकलत. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले म्हणून बाउश्लोट गावी चर्मकाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे अस्तर म्हणून पुढे जे सर्वत्र रूढ झाले, त्याची ही सुरुवात मानली जाते.

अंधार पडता पडता तिघे फोर्झहाइमला पोहोचली. कार्ल यांना तार गेली. काही दिवसांनी ती दुसऱ्या मार्गाने मानहाइमला सुखरूप परतली. कार्ल यांचे आत्मचरित्र १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात या प्रवासाची हकीकत आली असून साहसाचे श्रेय पत्नीला आणि मुलांना दिलेले आहे.

या प्रवासाकडे पुष्कळदा एका धाडसी स्त्रीची गमतीदार सहल म्हणून पाहिले जाते. ते अन्यायाचे आहे. परतल्यावर बर्था यांनी पतीपुढे जी माहिती ठेवली, ती चाचणी अभियंत्याने द्यावी अशी होती. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला अस्तर हवे, नळी तुंबते, तार उघडी पडते. कारखान्याच्या आवारात कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी यातील निम्म्या गोष्टी कळल्या नसत्या. गाडीची क्षमता कागदावर किती आणि रस्त्यावर किती, यातील अंतर त्यांनी एका दिवसात मोजून आणले. त्यानंतर सप्टेंबर १८८८ मध्ये म्युनिच येथील प्रदर्शनात बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. विक्री वाढायला आणखी काही वर्षे जावी लागली, परंतु शतक संपता संपता बेंझ आणि कंपनी ही जगातील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांपैकी एक झाली होती. १८९९ या एका वर्षात तिने ५७२ गाड्या तयार केल्या.

काठीपासून काट्यापर्यंत

बर्था यांच्यानंतर कित्येक वर्षे मोटारी काट्यावाचूनच धावल्या. हेन्री फोर्ड यांच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडीची टाकी आसनाखाली असे आणि इंधन मोजायला खुणा केलेली लाकडी पट्टी वापरीत. आपल्याकडील जुन्या जीपचीही टाकी चालकाच्या आसनाखाली असे, त्यामुळे काट्यावर विश्वास नसलेल्या चालकाला काठी घालणे सोपे जाई. काही गाड्यांत वेगळाच तोडगा होता. फोक्सवॅगनच्या बीटलला अनेक वर्षे काटा नव्हता, पायाने फिरवायची एक तोटी होती. इंजिन आचके देऊ लागले की तोटी फिरवायची आणि राखीव इंधनावर पंप गाठायचा. स्कूटर-मोटारसायकलवरील रिझर्व्हची चावी आपल्या वाचकांना चांगलीच परिचित आहे. या जुन्या व्यवस्थेचा गुण असा की ती अंदाज सांगत नसे. मुख्य नळी उघडी पडली की इंधन येणे थांबे, एवढेच. अर्थात चावी आधीच रिझर्व्हवर राहून गेली असेल तर तिच्यासारखा दगाही दुसरा नाही.

आजच्या मोटारीत टाकीतील इंधनावर एक तरंगता गोळा असतो. इंधन खाली गेले की तो खाली जातो, त्याचा दांडा एका विद्युत रोधकावर सरकतो आणि त्यानुसार समोरचा काटा हलतो. म्हणजे काटा इंधनाची उंची सांगतो, लिटर सांगत नाही. टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर दोन्ही एकच झाले असते. प्रत्यक्षात आसन, धुराड्याची नळी, मागचा आस यांच्यामधली जागा शोधत टाकीला वेडावाकडा आकार दिलेला असतो. वरचा एक इंच आणि तळाचा एक इंच यांत सारखे इंधन मावत नाही. काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक व्यवस्था याची दुरुस्ती करते, काहींत करीत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत गोळा वरच्या टोकाला अडलेला असतो. पहिले काही लिटर संपेपर्यंत तो हलतच नाही. गाडी फार किफायतशीर चालली, असा भ्रम अशा वेळी होतो आणि पुढचा अर्धा काटा मात्र भराभर घसरतो. चढावर, उतारावर किंवा एका अंगाला कललेल्या रस्त्यावर इंधन एका बाजूला सरकते आणि काटा तेवढा फसतो. खाचखळग्यांत तो नाचू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. त्यामुळे सपाट जागी, गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर पाहिलेला काटा अधिक विश्वासार्ह. जुन्या गाडीत रोधकाची पट्टी झिजते किंवा तिच्यावर थर बसतो आणि काटा एकाच जागी खिळून राहतो. आरंभी सांगितलेल्या जीपचे तेच झाले होते.

टाकीच्या क्षमतेची कथाही अशीच आहे. माहितीपुस्तिकेत ३५ लिटर लिहिलेल्या टाकीत पंपावर त्याहून अधिक पेट्रोल गेल्याचे मीटर दाखविते आणि ग्राहकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. पंपाचे मापच खोटे असावे, असे वाटणे साहजिक आहे. तशी शंका असल्यास पाच लिटरचे प्रमाणित माप मागवून आपल्यासमोर पेट्रोल मोजून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि तो अवश्य बजावावा. परंतु प्रत्येक वेळी पंप दोषी असतोच असे नाही. पुस्तिकेतील आकडा हा भरण्याच्या शिफारशीचा असतो. त्याच्यावर इंधनाच्या प्रसरणासाठी व वाफेसाठी जागा राखलेली असते आणि भरण्याच्या नळीतही काही इंधन मावते. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडल्यावर आणखी थोडे, आणखी थोडे करीत काठोकाठ भरणारा ग्राहक ही राखीव जागाच भरून टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात हे बरे नव्हे. पेट्रोल दर अंशामागे साधारण हजारात एक भाग प्रसरण पावते. जमिनीखालच्या टाकीतून थंड आलेले चाळीस लिटर पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत पंधरा अंशांनी तापले तर ते अर्ध्या लिटरहून अधिक वाढते. त्याला कोठेतरी जावे लागणारच. तळाशी याच्या उलट प्रकार असतो. शोषक नळीच्या खाली राहिलेले थोडे इंधन इंजिनापर्यंत पोहोचत नाही. शिवाय आजच्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच असून तो भोवतीच्या इंधनाने थंड राहतो. सतत तळ गाठेपर्यंत गाडी चालविणाऱ्याचा पंप लवकर निकामी होतो तो यामुळे.

आपल्या गाडीचा काटा किती खरा, हे जाणण्यासाठी कारागिराकडे जाण्याचीही गरज नाही. नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि काटा अर्ध्यावर, नंतरच्या खेपेला पावावर आला असता पुन्हा त्याच पंपावर तशीच भरून किती लिटर बसले ते पाहावे. चार-सहा खेपांत आपल्या गाडीच्या अर्ध्याचा व पावाचा खरा अर्थ लिटरमध्ये हाती येतो. पिवळा दिवा लागल्यावर किती उरते, हे गाडीगणिक वेगळे असते. ते पुस्तिकेत पाहावे आणि वरील रीतीने ताडून घ्यावे. जंगलातील लांबच्या फेरीवर निघताना जाण्या-येण्याचे अंतर धरून, वर पुरामुळे वळसा पडल्यास लागणारे इंधन मोजून टाकी भरलेली बरी. बर्था बेंझ यांनीही काट्याऐवजी अंतराचाच हिशेब धरला होता.

अखेरची वर्षे

प्रसिद्धी आणि पैसा आला तरी बर्था यांचे आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. १९०३ साली भागीदारांशी मतभेद होऊन कार्ल कंपनीच्या दैनंदिन कारभारातून बाहेर पडले. १९०६ मध्ये मुलांसह लाडेनबुर्ग येथे कुटुंबाचा स्वतंत्र कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्यात जर्मनीतील असंख्य कुटुंबांची बचत मातीमोल झाली. त्यातून बेंझ कुटुंबही सुटले नाही. १९२६ साली बेंझ आणि डाइमलर या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षे बर्था लाडेनबुर्गच्या घरी राहिल्या.

३ मे १९४४ रोजी, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहेच्या तांत्रिक महाविद्यालयाने त्यांना मानद सिनेटर हा सन्मान दिला. कार्ल जेथे शिकले आणि बर्था यांच्या तरुणपणी जेथे मुलीला प्रवेशाची कल्पनाही करता येत नव्हती, ते हेच महाविद्यालय. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते आणि जर्मनीत सामान्य नागरिकाला पेट्रोल मिळणे जवळजवळ अशक्य झाले होते.

त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेला २००८ साली बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. मानहाइमहून निघून फोर्झहाइम गाठून परत येणारा हा मार्ग १९४ किलोमीटरचा आहे. आजची साधी मोटार एका टाकीत तो दोनदा सहज पार करील. तरीही या वाटेने जाणारे हौशी प्रवासी वीस्लोखच्या औषधालयापाशी थांबतातच.